साक्षीच्या खोलीतलं आभारप्रदर्शन

मागच्या रविवारी फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू कोर्टात जाऊन लहान मुलांशी खेळतेस ना?" हे तुम्हाला तुमच्या आईने सांगितलं असणार. कुठलीही गोष्ट साखर घालून सांगायची तिला लहानपणापासून सवय आहे. मी कोर्टात खेळत नाही. माझे गुडघे तेवढे चांगले नाहीत, आणि तिथे येणारी मुलं खेळायला येत नाहीत. तुम्ही आता कॉलेजात जाता, तेव्हा साखर न घालता लिहिते. मराठी अडलं तर आईला विचारा. तिलाही थोडा अभ्यास होईल.

मोठ्या माणसांनी ज्या मुलांवर अत्याचार केले, त्या मुलांना पुढे कोर्टात साक्ष द्यावी लागते. आपल्या कायद्यात याबद्दल चांगल्या गोष्टी लिहिलेल्या आहेत. मुलाला आरोपी समोर दिसू नये. वकिलाने त्याच्यावर डाफरू नये. प्रश्न न्यायाधीशांनी विचारावेत, मुलाला कळतील अशा शब्दांत. आणि सोबत एक विश्वासाचं माणूस असावं, पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत. ते माणूस म्हणजे मी. आयुष्यभर शाळा चालवल्यावर निवृत्तीनंतर लोक योग शिकतात, भजनी मंडळात जातात. मी हे प्रशिक्षण घेतलं. तिथे मला मुलांशी कसं बोलावं हे एका पंचविशीतल्या मुलीने पडद्यावर चित्रं दाखवून शिकवलं. मी वहीत व्यवस्थित उतरवून घेतलं.

यासाठी कोर्टाच्या आवारात एक वेगळं केंद्र केलं आहे. मागच्या बाजूने स्वतंत्र दार, आत एकामागे एक तीन खोल्या. पहिली मुलांनी थांबायची. दुसरी, सगळ्यांत मोठी, साक्षीची. तिसरी अरुंद; तिथे काचेमागे आरोपी बसतो. त्याला ऐकू येतं, दिसतं. मुलाला तो दिसत नाही. ज्याने हे दार आणि ही काच योजली त्याला डोकं होतं. ज्यांनी नंतर रंगकाम केलं त्यांच्याविषयी तसं म्हणता येत नाही. शहरातल्या एका मंडळाने, म्हणजे रविवारी हॉटेलात जमून समाजसेवा करणाऱ्या मंडळींनी, पहिल्या खोलीच्या भिंतींवर ससे काढून दिले. दात काढून हसणारे, माणसाएवढे ससे. शिवाय एक गुलाबी अस्वल, ज्याच्या पोटावर मंडळाचं नाव शिवलेलं आहे.

आता ती मुलगी. तिची ओळख सांगायला कायद्याने मनाई आहे, आणि नसती तरी मी सांगितली नसती. तेव्हा काही तपशील बदलून लिहिते. नववीतली होती असं धरा. कोथरूडमध्ये, आमच्याच बाजूला राहायची आणि आमच्याच बाजूच्या एका नावाजलेल्या सरांच्या क्लासला जायची. विषय गणित धरा. सरांनी काय केलं ते तिने आईला सांगितलं, आईने पोलिसांत सांगितलं, आणि सरांना अटक झाली. काही महिन्यांनी जामीन मिळाला. सर क्लासमध्ये परतले, आणि घर सोडावं लागलं ते हिला. आईवडील तिला घेऊन विश्रांतवाडीला भाड्याच्या घरात गेले. नवीन शाळा, जिथे कुणाला काही माहीत नाही.

तुम्ही म्हणाल, सरांच्या क्लासला मग कोण गेलं? सगळे गेले. आमच्या सोसायटीतल्या एका बाई मला लिफ्टमध्ये म्हणाल्या, "काकू, खरंखोटं देव जाणे, पण दहावीचं वर्ष आहे हो. मध्येच सर बदलले तर मुलांनी करायचं काय?"

मी म्हटलं, "दुसऱ्या सरांकडे जायचं."

"अहो, ह्यांच्यासारखी भूमिती कुणी शिकवत नाही!"

पदवीधर बाई आहेत, बँकेत अधिकारी आहेत, आणि त्यांची मुलगी पंधरा वर्षांची आहे. स्वतःची मुलगी रोज संध्याकाळी त्या क्लासच्या दारात सोडून येतात आणि वर सांगतात, "मी बाहेर गाडीतच बसून असते." बसून असता म्हणजे तुम्हाला माहीत आहे. माहीत आहे आणि तरी भूमिती हवी आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगितलं. तेव्हापासून त्या जिन्याने जातात. प्रकृतीला चांगलं आहे.

मुलीची साक्ष दोनदा ठरली आणि दोनदा पुढे गेली. एकदा सरांना ताप आला. एकदा त्यांच्या वकिलांना दुसऱ्या कोर्टात जावं लागलं. तुमच्या तिकडे काय होतं मला ठाऊक नाही. आपल्याकडे याला तारीख पडणं म्हणतात. मोठ्या माणसांना तारीख पडते म्हणजे एक सुट्टी वाया जाते. मुलाचं वेगळं असतं. ते आठवडाभर आधीपासून जेवत नाही, सगळं मनात जुळवून ठेवतं, आणि मग त्याला सांगायचं की आज नको, दोन महिन्यांनी ये, तोपर्यंत विसरू नकोस.

तिसऱ्या वेळी ती मागच्या दाराने आईबरोबर आली तेव्हा आत शिरतानाच मला म्हणाली, "आजी, आज नाही झालं तर मी परत येणार नाही. आईला सांगून ठेवलंय."

आई खाली बघत म्हणाली, "ती खरंच येणार नाही हो. आणि मी ओढून आणणार नाही."

"शाळेत दरवेळी दात दुखतो म्हणून सांगते," मुलगी म्हणाली. "काल वर्गातल्या बाई म्हणाल्या, किती दात आहेत तुला? आता अजून कुठला दुखवू?"

तिची साक्ष झाली नसती तर खटल्यात उरलं असतं काय? सरांचा प्रतिष्ठित चेहरा आणि पालकांची प्रशस्तिपत्रं. त्यामुळे त्या सकाळी एकच गोष्ट व्हायला हवी होती: तिचं बोलणं ऐकून घेतलं जायला हवं होतं. त्याच दिवशी.

ती बाकावर बसली, समोरच्या सशाकडे बराच वेळ पाहिलं, आणि म्हणाली, "हा एवढा का हसतोय?"

"त्याला रंगवणाऱ्यांनी तसं सांगितलंय."

"आणि हे अस्वल मी धरायचं असतं का?"

"नाही. ते फोटोसाठी आहे."

"बरं," म्हणाली, आणि अस्वल भिंतीकडे तोंड करून ठेवलं. मला ही मुलगी पहिल्यापासून पटलेली आहे.

मी साक्षीची खोली पाहायला आत गेले. ही माझी पद्धत आहे: खुर्च्या जागेवर आहेत का, पाणी आहे का, काचेचा पडदा नीट आहे का. दार उघडलं तर आत भगवा गालिचा, झेंडूच्या माळा, समई, खुर्च्यांच्या रांगा आणि पाठीमागे मोठा फलक. मंडळाने केंद्राला दिलेल्या देणगीचा वर्धापनदिन! कार्यक्रम कोर्ट सुरू व्हायच्या आत संपणार होता आणि तशी परवानगीही होती. पण प्रमुख पाहुणे विद्यापीठ चौकात अडकले होते. पाहुणे आल्याशिवाय समई लावायची नाही, समई लावल्याशिवाय प्रास्ताविक करायचं नाही, आणि प्रास्ताविक केल्याशिवाय काहीच करायचं नाही. तेव्हा सगळे बसून होते.

मंडळाच्या अध्यक्षबाई मला शोधतच होत्या. रेशमी साडी, छातीवर फुलाएवढा बिल्ला. "अहो ताई, बरं झालं भेटलात. पाहुण्यांना पुष्पगुच्छ एखाद्या बालकाच्या हस्ते द्यायचा आहे. आपल्याकडे आज एखादं बालक आहे का?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हणून पुन्हा विचारलं. त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "जरा चुणचुणीत असलं तर बरं. छायाचित्रकार बोलावलाय."

मी म्हटलं, "बाई, इथल्या मुलांचा चेहरा कुणाला दिसू नये म्हणून हे केंद्र बांधलंय. मागचं दार काय वास्तुशास्त्रासाठी आहे का?"

"अहो, आपण चेहरा पुसट करू ना. हल्ली मोबाइलवर होतं."

"मग पुष्पगुच्छच पुसट करा," मी म्हटलं, आणि दार लावून घेतलं.

त्यांना वाईट बाई म्हणता येणार नाही. त्या घरी जाऊन रडत असतील अशा बातम्या वाचून. पण आपल्या या शहरात कुठलंही चांगलं काम सत्काराशिवाय पुरं झालं असं कुणाला वाटत नाही. विहिरीतून माणूस बाहेर काढायचा असला तरी आधी शाल आणतील, मग दोर सोडतील.

पाहुणे आले. समई लागली. तोवर कोर्टाचं काम वर सुरू झालं होतं, आणि निरोप आला की सरांचे वकील न्यायाधीशांसमोर उभे आहेत. मी मुलीला आईजवळ ठेवून वर गेले. वकीलसाहेब अतिशय नम्रपणे सांगत होते, "मॅडम, साक्षीच्या खोलीत एक चांगला सामाजिक उपक्रम चालू आहे. त्यात व्यत्यय नको. आमची काहीच घाई नाही. पुढची तारीख मिळाली तरी चालेल."

त्यांना घाई का असेल? त्यांच्या अशिलाच्या क्लासमध्ये त्याच संध्याकाळी प्रमेयांची उजळणी होती. ही बातमी मला ज्या पालकांकडून कळली, ते बाहेर व्हरांड्यात सरांना धीर द्यायला रांगेने उभे होते. जिन्याने जाणाऱ्या आमच्या बाईही त्यांत होत्या.

न्यायाधीशबाई तरुण आहेत, आवाज बारीक आहे, पण कान चांगले आहेत. त्या मला म्हणाल्या, "दुपारनंतर माझ्याकडे दुसरं मोठं प्रकरण आहे. जेवणाच्या सुट्टीआधी खोली मोकळी झाली तर मी लगेच खाली येते. नाही झाली तर माझाही इलाज नाही."

मी खाली आले. आत प्रास्ताविक चाललं होतं. मंडळाची स्थापना, मंडळाची परंपरा, मंडळाचे माजी अध्यक्ष, त्यांतले हयात, त्यांतले दिवंगत. कार्यक्रमपत्रिका दाराला चिकटवलेली होती: प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, सत्कार, देणगीदारांचा सत्कार, पाहुण्यांचे मनोगत, अध्यक्षीय समारोप, आभार, अल्पोपाहार. मी शाळेत अशा पत्रिका आयुष्यभर केल्या आहेत. ही दुपारी दोनच्या आत संपत नाही.

मुलगी बाकावरून बघत होती. "तारीख पडली ना?"

"अजून नाही."

"पडणार."

आई तिचं दप्तर आवरायला लागली. दातासाठी आलेली मुलगी दप्तर घेऊन आली होती, दुपारच्या तासांना बसता यावं म्हणून.

तेवढ्यात दारात केटररचा माणूस आला, हातात खोक्यांची चळत. पांढरी सुती साडी, चष्मा आणि गळ्यातलं ओळखपत्र बघून लोक मला नेहमीच मुख्य समजतात, त्यानेही समजलं. "मॅडम, वडे कुठे ठेवू? गरम आहेत."

आणि मला मार्ग दिसला. मी म्हटलं, "बाहेर आवारात, झाडाखाली. टेबलं मांडा, चहाही तिथेच ठेवा. माणसं आलीच."

मग पदर खोचला आणि साक्षीच्या खोलीत गेले. प्रास्ताविक करणारे गृहस्थ पाणी प्यायला थांबले होते. सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या कागदावर मी नव्हते, पण माझ्या चालण्यावरून मी असायला हवे होते, असं तिला वाटलं असावं. तिने माईक पुढे केला. तो मी घेतला.

"आता मी सर्वांचे आभार मानते," मी म्हटलं.

तुम्ही असे कार्यक्रम पाहिलेले नाहीत, म्हणून सांगते. आपल्याकडे आभार म्हणजे शेवट. त्यापूर्वी काय झालं आणि काय राहिलं याचा त्याच्याशी संबंध नसतो. तो शब्द ऐकला की माणसं पायाने चपला चाचपतात, पिशवी मांडीवर घेतात, शेजारणीला "निघायचं?" म्हणतात. माझ्या शाळेत पालकसभा फार लांबली की मी हेच करत असे. अजून कुणी तक्रार केलेली नाही, कारण आभाराला हरकत कशी घेणार?

मी पाहुण्यांचे आभार मानले, आपल्या व्यग्र दिनक्रमातून त्यांनी वेळ काढला म्हणून. मंडळाचे मानले. रंगाऱ्याचे, फुलवाल्याचे, ध्वनिक्षेपकवाल्याचे मानले. सशांचेही मानणार होते, पण वेळ नव्हता. अनवधानाने कुणाचं नाव राहिलं असेल तर क्षमा मागितली आणि शेवटचं वाक्य शाळेच्या पटांगणावर वापरत असे त्या आवाजात म्हटलं: "गरम बटाटेवड्यांची व्यवस्था बाहेर झाडाखाली केली आहे. कृपया तिकडे चलावे."

सगळी खोली उठली. खरंच उठली. पाहुणे सगळ्यांत आधी. घड्याळाकडे बघत ते सूत्रसंचालक मुलीला म्हणाले, "वा, फार आटोपशीर कार्यक्रम!" त्यांचा ना परिचय झाला होता, ना सत्कार, ना भाषण, आणि मला वाटतं त्या माणसाला कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नसेल.

अध्यक्षबाईंनी मला दारात गाठलं. रागाने त्यांचा बिल्ला हलत होता. "हे काय केलंत? सत्कार राहिला! मनोगत राहिलं!"

"बाहेर करा ना. हवा छान आहे."

"तुम्ही आहात कोण?"

"बालकाबरोबर आले आहे," मी म्हटलं, आणि खुर्च्या उचलायला लागले.

वर निरोप धाडला. समई शांत केली, फलक गुंडाळला, गालिचा ओढून काढला. मुलीच्या आईने झेंडूच्या माळा उतरवल्या. न्यायाधीशबाई आल्या तेव्हा टेबलावर फक्त एक शाल आणि नारळ राहिला होता. त्यांनी भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "न झालेला सत्कार आहे, मॅडम." त्यांनी नारळ बाजूला सरकवला, स्वतः मुलीच्या शेजारच्या साध्या खुर्चीवर बसल्या आणि तिला विचारलं, "पाणी हवंय?"

तिने काय सांगितलं ते मी लिहिणार नाही. ते तिने जिथे सांगायचं तिथे सांगितलं. मी शेजारी बसले होते. बोलायची मला परवानगी नसते, आणि हे या कामातलं सर्वांत अवघड कलम आहे, तुमच्या आजीसाठी तरी. तिचा आवाज भित्र्या सशासारखा नव्हता, एवढंच म्हणते. मध्ये एकदा ती थांबली. न्यायाधीशबाईही थांबल्या. कुणी घाई केली नाही. भिंतीवर रंगीत काही नव्हतं, नुसती पांढरी भिंत होती, आणि तिला बघायला तेवढी पुरली.

मग वकीलसाहेबांचे प्रश्न आले, न्यायाधीशांमार्फत. त्यांतला एक असा होता, की तू गणितात कच्ची होतीस आणि सर मार्क देत नव्हते म्हणून तुझा त्यांच्यावर राग होता, हे खरं का?

ती म्हणाली, "कच्ची होतेच. म्हणून तर क्लास लावला होता."

न्यायाधीशबाईंनी ते जसंच्या तसं लिहून घ्यायला सांगितलं. काचेमागच्या अरुंद खोलीत नामवंत सर ते ऐकत होते, ही कल्पना मला त्या दिवशी फार आवडली. अजूनही आवडते.

जेवणाच्या सुट्टीआधी साक्ष पूर्ण झाली. उलटतपासणीसकट. "तुला परत यावं लागणार नाही," न्यायाधीशबाई तिला म्हणाल्या. तिने माझ्याकडे पाहिलं, मी होकारार्थी मान हलवली, तेव्हा तिला खरं वाटलं.

निघताना टेबलाकडे बोट दाखवून तिने विचारलं, "हा नारळ कुणाचा?"

"आता कुणाचाच नाही. मुलांच्या नावाने आणलेला आहे."

"मग मी घेऊ?"

"घे. शाल राहू दे, तिच्यावर मंडळाचं नाव आहे."

तिने नारळ दप्तरात टाकला आणि मागच्या दाराने दोघी गेल्या. दुपारच्या तासांना पोचल्या असतील. मी खिडकीतून आवारात पाहिलं. झाडाखाली पाहुणे, मंडळ आणि छायाचित्रकार वडे खात होते. सरांना धीर द्यायला आलेले पालकही एकेक खोकं घेऊन त्यांच्यात मिसळले होते. आमच्या बाई अध्यक्षबाईंना काहीतरी सांगत होत्या आणि दोघी हळहळत होत्या. मुलांवरच्या अत्याचारांबद्दलच असणार. दोघींचाही चेहरा तसा होता.

अध्यक्षबाईंनी माझी लेखी तक्रार केली. तिचा परिणाम असा झाला, की मंडळाचे कार्यक्रम आता रविवारी होतात, जेव्हा केंद्रात मुलं नसतात आणि कोर्टही नसतं. असं सुचलं असतं तर आधीच झालं असतं, पण सुचण्यासाठी तक्रार लागते. निकाल अजून लागलेला नाही. सरांचा क्लास चालू आहे, भूमिती जोरात आहे, आणि आमच्या बाई गाडीत बसून असतात. मी कुणाला माफ वगैरे केलेलं नाही, हे तुमच्या आईला कळवा.

पंधरवड्याने मुलीची आई घरी येऊन नारळाच्या वड्यांचा डबा देऊन गेली. वड्या चांगल्या होत्या, साखर जरा जास्त. रिकामा डबा परत करायची आपल्याकडे रीत नाही, म्हणून मी फोन करून मुलीला विचारलं, डब्यात काय घालून पाठवू?

ती म्हणाली, "काहीही चालेल, आजी. फक्त ससा नको."